ताटातुटीचा नववा नियम

कबूतर क्लबच्या सेक्रेटरींनी ठरवलं होतं की वहिनींना आधी काही सांगायचं नाही. सांगितलं तर त्या बिथरतील, आणि बिथरलेल्या बाईसमोर नवरा आणून उभा करण्यात अर्थ नाही. पाच मिनिटं नुसतं समोर आणायचं, पुढचं निसर्ग बघून घेईल. रविवारी सकाळी दाढी करता करता त्यांनी हे बायकोला तिसऱ्यांदा समजावून सांगितलं.

"तुमच्या त्या पाच मिनिटांनी आजवर कबूतरं आली," बायको, म्हणजे घरातली धाकटी, म्हणाली. "माणूस आलेलं मला आठवत नाही."

"जे कबुतराला कळतं ते माणसाला कळू नये?"

पाच मिनिटांची ही युक्ती सेक्रेटरींच्या वडिलांची. शर्यतीच्या कबुतरांची जोडी जमली की ते नर आणि मादीला वेगवेगळ्या खोल्यांत ठेवत. आठवडाभर भेट नाही. शुक्रवारी संध्याकाळी, नराला टोपलीत घालण्याआधी, मधली जाळी पाच मिनिटं उघडायची आणि परत लावायची. मग तो नर चारशे किलोमीटरवर नेऊन सोडला तरी वाटेत दाण्याला उतरत नाही की पाण्याला उतरत नाही, नाकासमोर घरी येतो. घरात या पद्धतीला ताटातूट म्हणत. दिवाणखान्यातलं काचेचं कपाट ढालींनी भरलं होतं ते या ताटातुटीच्या जोरावर, आणि सेक्रेटरींनी क्लबसाठी तिच्या नियमांचं एक चोपडंही छापून घेतलं होतं. बारा नियम. चाळीस वर्षं पक्ष्यांत काढलेल्या माणसाचं असंच होतं, त्याला सगळी माणसं जरा मोठ्या आकाराची कबूतरं वाटायला लागतात.

त्यांचे थोरले भाऊ जहाजावर चीफ इंजिनिअर होते, म्हणून घरातही त्यांना चीफच म्हणत. बत्तीस वर्षं ते वर्षातला एक महिना घरी आणि अकरा महिने समुद्रावर. निवृत्त झाले तेव्हा त्यांची बायको, थोरली, हिने त्यांच्यासाठी गच्चीवर आरामखुर्ची आणून ठेवली होती. चीफ आलेच नाहीत. एका दुसऱ्याच बंदरात, एका बाईच्या घरी जाऊन राहिले. त्याला नऊ वर्षं झाली. ती बाई या हिवाळ्यात वारली, आणि गेल्या महिन्यात चीफनी धाकट्या भावाला फोन करून विचारलं होतं की गच्चीवर अजून वारा तसाच येतो का. सेक्रेटरी त्या प्रश्नाने पार विरघळले.

"आणि घड्याळजींचं काय?" धाकटीने विचारलं.

सेक्रेटरींना हनुवटीवर कापलं. या घरात घड्याळजींचा विषय कुणी काढत नसे. पक्षी पोचल्याची वेळ नोंदणारं शर्यतीचं घड्याळ शुक्रवारी शिशाचं सील लावून बंद करायचं आणि रविवारी चारला येऊन ते उघडायचं, हे क्लबने त्यांच्याकडे सोपवलेलं काम. ते गल्लीतून, मागच्या लोखंडी जिन्याने, थेट गच्चीवर येत. बाकीचे दिवस थोरली दुपारी एकला डबा घेऊन त्यांच्या दुकानात जाई आणि तीनला परत येई. धाकटीला हे पहिल्यांदा समजलं ते डबा दोन पुडांवरून चार पुडांचा झाला तेव्हा. तेव्हापासून ती भाजी जरा जास्तच टाकत आली होती. बोलली मात्र कधी नाही.

चीफची मुलगी सकाळच्या बसने आली. तिला सगळे चिमणी म्हणत, कारण लहानपणी ती पडलेली पिल्लं खिशात घालून आणायची आणि मोठेपणी तिने त्याचीच नोकरी केली. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने जंगलात टांगलेल्या साडेतीनशे लाकडी घरट्यांची ती दर आठवड्याला फेरी मारी, पिल्लांचं वजन करी, पायात कडी घाली, रक्ताचा एक थेंब घेई. काकूने तिला ओट्याशी गाठून सगळा बेत सांगितला. तिचा भाऊ, वकील, बाबांना आणायला स्टेशनवर गेला होता. पक्षी एकच्या सुमाराला येतील. आई तेव्हा खुशीत असते, तीच वेळ काकांनी धरली होती.

"आणि दादा यात सामील आहे?"

"त्याला बाप हवाय गं," काकू म्हणाली. "चाळिसाव्या वर्षी हवासा वाटला तर काय करणार."

चिमणीचं डोकं तडकलं. चहा तसाच टाकून ती गच्चीवर गेली. आई कबूतरखान्याची जमीन खरवडत होती. बासष्ट वर्षांची बाई, गुडघे टेकून, तोंडाला फडकं बांधून, पत्र्याच्या उलथन्याने कोपरे काढत होती. शेजारच्या खोलीत माद्या घुमत होत्या.

चिमणीने एका दमात सगळं सांगून टाकलं. आईने उलथनं थांबवलं नाही.

"माहीत आहे," ती म्हणाली. "परवा तुझे काका पोस्टमनला त्याची करडी दाखवायला विसरले. फोनवर होते. एवढं मोठं काय शिजतंय, हे मी तेव्हाच ओळखलं. जाळी मीच उघडली."

पोस्टमन हा त्या वर्षीचा सगळ्यात चांगला नर. करडी त्याची मादी.

"मग तू काय सांगणार आहेस त्यांना?"

"नाही म्हणणार आहे."

"आणि काका?"

आईने फडकं खाली ओढलं. तिच्या चेहऱ्यावर चिमणीला तेव्हा पहिल्यांदा भीती दिसली. काका कबूतरखान्याची किल्ली मागतील, आई म्हणाली. घर त्यांचं, पक्षी त्यांच्या नावावर. एकशे चौदा पक्षी, आणि त्यातला एकही आपल्याबरोबर नेता येत नाही, कारण कुठेही नेऊन सोडला तरी तो याच छपरावर परत येणार. सासऱ्यांनी पोरांना सोडून आपल्याला शिट्टी शिकवली होती. तेवढी एक गोष्ट आपली आहे, आणि ती उद्यापासून नसेल.

आता आईची बाजू भक्कम केली पाहिजे असं चिमणीला वाटलं, आणि तिने तिला जे येत होतं ते पुढे केलं. तिने सांगितलं की तिच्या घरट्यांत दर तिसऱ्या जोडीत निदान एक पिल्लू बाहेरच्या नराचं निघतं, आणि घरातला नर ते मुकाट भरवतो. जन्मभर एकत्र राहणारे हंससुद्धा घरटं दोनदा फसलं की कधीकधी जोडीदार बदलतात. माळरानातला एक उंदीर एका मादीबरोबर जन्म काढतो, आणि डोंगरातला त्याचाच चुलतभाऊ दुसऱ्या दिवशी ओळखही दाखवत नाही. निसर्गात निष्ठा म्हणजे एकच एक गोष्ट नाही, आई, म्हणून घड्याळजींबद्दल तू मुळीच अपराधी वाटून घेऊ नकोस. कुणी काही बोललं तर मी आकडे घेऊन उभी राहीन.

आई उठून उभी राहिली. एवढी संतापलेली ती चिमणीने क्वचितच पाहिली होती.

"मला तुझ्या पिल्लांच्या रक्ताचा दाखला नको," आई म्हणाली. "तुझे पक्षी जोडीदाराची पाठ वळली की जातात. इथे पाठ वळवायलाही जोडीदार नव्हता. तीन वर्षं मी इथे बसून वाट पाहिली, मग थांबवली, आणि मग एका माणसाबरोबर जेवायला लागले. यात चोरी कुठे आहे?"

"चोरी नाही, तर मग ते मागच्या जिन्याने का येतात?"

चिमणीने ते दुखवायला विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. आईने बादली उचलली आणि ती लोखंडी जिन्याकडे बघत राहिली.

एक वाजायला दहा मिनिटं असताना चीफ जिना चढून वर आले. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कठड्याला धरत. मागून वकील त्यांची बॅग घेऊन आणि त्याच्या मागून सेक्रेटरी आणि धाकटी. चीफना वर पोचल्यावर आधी वारा लागला आणि त्यांना रडू आल्यासारखं झालं. वारा तसाच होता. आरामखुर्ची मात्र नव्हती, तिच्या जागी दाण्याची पिंपं होती. पिंपांपाशी बायको उभी होती. केस पांढरे झाले होते. आकाशाकडे बघताना ती पूर्वीही अशीच डोळे बारीक करायची, आणि त्यांच्याकडे बघायला तिने मान वळवली नाही.

"कशी आहेस?" ते म्हणाले.

"पक्षी उतरायच्या फळीसमोर उभे राहू नका. तिथे परका माणूस दिसला तर पक्षी आत येत नाही. इकडे सावलीत या."

चीफ दोन पावलं सावलीत सरकले. ही पहिली खूण मानून सेक्रेटरींनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. पाच मिनिटं सुरू झाली होती. धाकटीने ते बघितलं आणि तिला नवऱ्याची कीव आली.

पाचातली तीन मिनिटं चीफ बोलले, आणि खरं सांगायचं तर बरं बोलले. चूक झाली म्हणाले. ती बाई चांगली होती, तिला शेवटपर्यंत सांभाळलं म्हणाले. तिच्याशी कधी खोटं वागलो नाही, हेही म्हणाले. त्यांना ते स्वतःच्या बाजूचं वाटत होतं.

"ती गेल्याचं ऐकलं," थोरली म्हणाली. "वाईट वाटलं. तिचं नाव घेऊन सांगते, खरंच वाटलं. तुम्ही तिच्याशी इमानाने वागलात, तेही मी मानते. नऊ वर्षं एका बाईजवळ राहिलात. माझ्याजवळ मोजून बत्तीस महिने."

"आई," वकील मध्ये पडला. त्याचा आवाज कोर्टात असतो तसा लागला आणि त्याचाच त्याला राग आला. "कागदावर तुम्ही अजून नवरा-बायको आहात. बाबा परत आलेत. लोक काय म्हणतात ते सोड, पण तू एकटी राहतेस..."

"ती एकटी नाही," चिमणी म्हणाली.

सहा वर्षं सगळ्यांनी मिळून सांभाळलेली गोष्ट अशी तीन शब्दांत बाहेर पडली आणि काहीच कोसळलं नाही, याचं धाकटीला नवल वाटलं.

सेक्रेटरींना मात्र आता थांबवत नव्हतं. ते म्हणाले की वहिनी, जे झालं ते झालं, दादा परत आलाय. या घराने आयुष्यभर एकच गोष्ट पाहिली, की जोडी जमली की जमली, लांब गेलेला परत येतो आणि मादी त्याची वाट पाहते. मुका पक्षी हे पाळतो.

थोरलीने पहिल्यांदाच आकाशावरची नजर काढली.

"भाऊजी, तुमच्या चोपड्यातला नववा नियम काय आहे?"

चोपड्याबद्दल कुणी विचारलं की सेक्रेटरींना राहवत नसे. "मादीला तीन आठवड्यांहून अधिक काळ एकटी ठेवू नये," त्यांनी म्हणायला सुरुवात केली. "ठेवल्यास..."

"पुढे?"

चोपड्याची छपाई धाकटीने तपासली होती, तिला सगळं पाठ होतं. तिने शांतपणे पुढचं म्हटलं. "ठेवल्यास ती दुसरा जोडीदार धरते, आणि मग जुना नर समोर आणला तरी ओळख देत नाही. यात दोष मादीचा मानू नये."

"तुम्हीच लिहिलंय," थोरली म्हणाली. "तुम्हाला पक्ष्यांचंच खरं वाटतं, म्हणून पक्ष्यांचं सांगितलं. आता माझं ऐका. मी एकाच माणसाची आहे. तुम्हा सगळ्यांना तेच हवं होतं ना? एकच आहे. फक्त तो हा नाही."

सेक्रेटरी लाल झाले. माणूस वाईट नव्हता, पण भावासमोर आणि स्वतःच्याच वाक्याने हरणं त्याच्या पचनी पडेना. त्यांनी हात पुढे केला. या घरात राहायचं ते दादाची बायको म्हणून, ते म्हणाले, नाहीतर किल्ली ठेवा. पक्ष्यांचं मी बघेन.

वकिलाने मान खाली घातली. हे होईल असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आईने कमरेची किल्ली सोडवली. मग तिने ती कठड्यावर ठेवली. ठेवताना एकदा शेजारच्या खोलीकडे पाहिलं, जिथे करडी जाळीला छाती लावून बसली होती.

"घ्या," ती म्हणाली. "एवढ्यासाठी मी खोटं बोलणार नाही."

सेक्रेटरींनी हात उचलायच्या आत धाकटीने किल्ली उचलली आणि आपल्या कमरेला अडकवली.

"ही माझ्याकडे राहील. ताई सहाला वर येतील, मी दार उघडीन. तुम्ही आठला उठता, तुम्हाला त्रास नाही. आणि ताई त्यांच्या खोलीतच राहतील. तुमच्या दादांची सोय दिवाणखान्यात करते."

"तू मला विरोध करतेस?"

"पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. तुम्ही माझ्याशी एकनिष्ठ आहात हे मला माहीत आहे. कबूतरखान्यातून वेळ मिळाला असता तर दुसरीकडे गेलाच नसता असं नाही, पण मिळाला नाही. माझ्याशी मात्र नीट दोन वाक्यं कधी बोललात, तेवढं आठवून सांगा."

सेक्रेटरी आठवायला लागले. ते अजून आठवतच होते, तेवढ्यात वर पंखांचा आवाज झाला आणि पोस्टमन घराला एक घिरटी घालून छपराच्या कण्यावर बसला. खाली सात-आठ अनोळखी पाय दिसत होते. तो आत येईना. पक्षी घरी आला तरी तो फळीवरून आत शिरून पायातली रबरी कडी शर्यतीच्या घड्याळात पडेपर्यंत त्याची वेळ धरत नाहीत. सेक्रेटरींनी धावत जाऊन दाण्याचा डबा खुळखुळवला. पोस्टमनने मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिलं आणि पंख साफ करायला घेतला. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. मग सेक्रेटरींनी डबा वहिनींपुढे धरला.

थोरलीने डबा घेतला नाही. ओठ आवळून तिने सासऱ्यांची ती दोन सुरांची शिट्टी घातली. पोस्टमन उडाला, फळीवर टेकला आणि तुरुतुरु आत गेला. तिने त्याच्या पायातली रबरी कडी काढून घड्याळात टाकली, दांडा दाबला आणि मधली जाळी उघडली. करडी उडी मारून त्याच्याजवळ आली.

"त्याला बरं आत घेतलंस," चीफ म्हणाले. हसून म्हणायचा त्यांचा प्रयत्न होता.

"तो चारशे किलोमीटर एका दमात आला," थोरली म्हणाली. "तुम्ही नऊ वर्षांचा मुक्काम करून आलात."

चीफ पिंपावर टेकले. वकील त्यांच्याजवळ गेला, पाण्याचा ग्लास दिला, आणि मग परत येऊन आईसमोर उभा राहिला. आई म्हणाली की उद्या कागद तयार कर, कागदानेही आता खरं बोलावं. तो म्हणाला, दोघांच्या सह्या लागतील. बाबांची मी घेईन.

दुपारी खाली सगळे जेवायला बसले. थोरली बसली नाही, शर्यतीच्या रविवारी ती चार वाजल्याशिवाय जेवत नसे. चिमणीला याचं कारण आता कळलं होतं. तिने आईकडे बघितलं. आई टेबलावर एक जादा ताट मांडत होती.

चारला दोन मिनिटं असताना थोरली खाली उतरली आणि मागच्या गल्लीत गेली. लोखंडी जिन्याच्या पहिल्या पायरीवर घड्याळजींचा पाय होता. सडसडीत माणूस, खिशात भिंग, हातात सील तोडायची पक्कड. तिने त्यांना काय सांगितलं ते कुणी ऐकलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून चिमणीला एवढंच दिसलं की त्यांनी दोनदा मान हलवून नको म्हटलं, आणि आईने त्यांच्या हातातली पक्कड काढून घेतली.

मग पुढच्या दाराची घंटा वाजली. स्वतःच्याच घराची घंटा थोरलीने वाजवली होती. वकिलाने दार उघडलं.

"या," ती मागे वळून म्हणाली. "चपला इथेच काढा."

घड्याळजी आत आले. ढालींच्या कपाटाशेजारी चीफ बसले होते, सेक्रेटरी अजून आठवत होते. घड्याळजींनी सगळ्यांना नमस्कार केला आणि कुठे बघावं ते न कळून म्हणाले, "आधी घड्याळ उघडतो. क्लबात वाट बघत असतील."

"क्लब थांबेल. आधी जेवा."

तिने खुर्ची ओढली. धाकटीने भाजी वाढली, आज मोजूनमापून, कारण आता डब्यात लपवून न्यायची नव्हती. थोरली त्यांच्या शेजारच्या ताटावर बसली.

चीफनी खाकरून विचारलं, "हे कोण?" त्यांना माहीत होतं. तरी विचारलं.

"यांच्याबरोबर मी जेवते," थोरली म्हणाली आणि पहिला घास घेतला. "सहा वर्षं झाली. एकही दिवस चुकला नाही."